कर्ज न काढता धंदा सुरू करणाऱ्यांसाठी मोफत वर्ग घेतोय, पहिल्या दिवशी काय शिकवावं?

सुईदोरा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहूनच टाकते. आम्ही सहाजण मिळून एक मोफत वर्ग सुरू करतोय, ज्यांना स्वतःचं छोटंसं काहीतरी उभं करायचंय, शिवण, दुरुस्ती, शिकवण्या, केस कापणं, काहीही, पण कर्ज काढायचं नाहीये किंवा कर्ज कुणी देणारच नाही अशांसाठी. जागा मिळालीय, एका वाचनालयाची खोली संध्याकाळी रिकामी असते. आठवड्यातून एक संध्याकाळ, असे आठ आठवडे. शिकवणारे आम्हीच, सगळे स्वतः धंदा करणारे.

घोडं अडलंय अभ्यासक्रमावर. आमच्यातले दोघं म्हणतात पहिल्या दिवशी हिशोब घ्या, जमाखर्च, नफातोटा, ताळेबंद. एकजण म्हणतो आधी प्रत्येकाकडून बिझनेस प्लॅन लिहून घ्या. मला दोन्ही पटत नाही. मी सुरुवात केली ती ओळखीतल्या एका बाईंच्या पडून असलेल्या मशीनवर. पहिले चार महिने नवीन कपडा शिवलाच नाही, फक्त आल्ट्रेशन घेतलं, कारण त्यात कापड विकत घ्यावं लागत नाही, गिऱ्हाईक आपला कपडा आपणच घेऊन येतं. दोरा आणि माझा वेळ एवढीच गुंतवणूक. त्यातून स्वतःचं मशीन आलं, मग ओव्हरलॉक, आणि कापड ठेवायला लागले ते तिसऱ्या वर्षी. म्हणून माझं मत असं की पहिल्या दिवशी एकच गोष्ट मनावर ठसवायची, आधी गिऱ्हाईक मग खरेदी. बहुतेक लोक उलटं करतात, आधी माल, फर्निचर, बोर्ड, आणि मग गिऱ्हाइकाची वाट बघत बसतात, आणि कर्ज लागतं ते नेमकं या उलट्या क्रमामुळे.

तुम्ही सांगा. ज्यांनी असं काही सुरू केलंय त्यांना सुरुवातीला कुणी काय शिकवलं असतं तर बरं झालं असतं?

दोनचाकी
+१. सायकल दुरुस्ती करतो, माझंही सेम. सुरुवातीला एक पंप, पाने, पंक्चरचं सामान बस्स. पार्ट लागला की गिऱ्हाइकाला सांगायचो पार्टचे पैसे आत्ता द्या मी आणून बसवतो, मजुरी काम झाल्यावर. आजपर्यंत यावरून कुणी भांडलं नाही. स्पेअर पार्टचा स्टॉक करायला लागलो ते कुठला पार्ट महिन्यातून किती वेळा लागतो हे वहीत दिसल्यावरच.

वहीखाते
मी लोकांचे हिशोब लिहितो, त्यामुळे माझा कल कुठे असणार ते उघड आहे, तरी माझं म्हणणं ऐका. गिऱ्हाईक आधी हे कबूल. पण हिशोबाशिवाय गिऱ्हाईक म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी भरणं. मी कितीतरी दुकानं बघितलीत जिथे दिवसभर गर्दी असते आणि वर्षाअखेरीला मालकाच्या हातात काही राहत नाही.

एकच उदाहरण देतो, हे तर पहिल्या दिवशीच शिकवा. वस्तू ८० ला पडली आणि १०० ला विकली. नफा किती टक्के विचारलं की दहातले आठजण म्हणतात २५. खरेदीवर २५ बरोबर, पण विक्रीवर २० च. मग हे दुकानदार कुणी मागितलं की १० टक्के सूट देऊन टाकतात, त्यांना वाटतं २५ मधले १० गेले, १५ उरले. प्रत्यक्षात १०० ची वस्तू ९० ला गेली आणि २० चा नफा १० वर आला. निम्मा झाला! म्हणजे तेवढाच नफा हवा तर दुप्पट माल विकायला हवा, दुप्पट उचला, दुप्पट बांधा, दुप्पट तास उभे राहा. हे माहीत नसलेला माणूस कर्ज न काढताही बुडतो, फक्त जरा सावकाश.

मधली_सुट्टी
@वहीखाते, उदाहरण भारी आहे पण तुम्ही जे सांगितलंत तो ताळेबंद नाहीये ना, तो एक सोपा ठोकताळा आहे. आणि यावर चक्क प्रयोग झालाय. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये हजारावर छोट्या व्यावसायिकांवर, निकाल २०१४ मध्ये छापून आले. एका गटाला रीतसर अकाउंटिंग शिकवलं, दुसऱ्याला फक्त सोपे नियम, जसं की घरचे पैसे एका खणात आणि धंद्याचे दुसऱ्या खणात, धंद्यातून स्वतःला ठरलेला पगार घ्या, मधेच गल्ल्यात हात घालू नका. रीतसर अकाउंटिंगवाल्यांमध्ये धड फरक दिसला नाही. सोप्या नियमवाल्यांची हिशोबाची शिस्तही सुधारली आणि मंदीच्या आठवड्यातली विक्रीही.

म्हणजे हिशोब शिकवा, पण दोन खण एवढाच शिकवा.

वहीखाते
दोन खण मान्य. माझा जीव ताळेबंदात अडकलेला नाही, तो सहा महिन्यांनी येऊ दे. पण रोज रात्री वहीत दोन आकडे, आज किती आले आणि किती गेले, हे तरी पहिल्या दिवसापासून पाहिजे. आणि तिसरं, उधारी कुणाकडे किती. गिऱ्हाइकाला दिलेली उधारी म्हणजे तुम्ही त्याला दिलेलं बिनव्याजी कर्ज, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. आपण कर्ज घ्यायचं नाही म्हणतो आणि देत मात्र सुटतो.

रंधा
सगळ्यांचा आदर राखून वेगळा सूर लावतो. सुतारकाम करतो. मी कर्ज काढून कटिंग मशीन घेतलं आणि मला त्याचा अजिबात पश्चात्ताप नाही. हाताने जे काम चार दिवसांचं ते एका दिवसात व्हायला लागलं, चौदा महिन्यांत कर्ज फिटलं. तुम्ही वर्गात येणाऱ्या माणसाला कर्ज म्हणजे पाप असं शिकवणार असाल तर त्याचं नुकसान कराल. हत्यार घेण्यासाठी घेतलेलं कर्ज आणि दुकान सजवायला घेतलेलं कर्ज यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

पुन्हा_पासून
मी इथे फारसं लिहीत नाही, वाचत असते. पण या धाग्यावर लिहावंसं वाटलं.

मी कर्ज काढून ब्युटी पार्लर सुरू केलं होतं. जागेचं डिपॉझिट, दोन खुर्च्या, आरसे, सामान. कुठल्या संस्थेकडून घेतलं ते सांगत नाही, त्याने काही बदलणार नाही. हप्ता सुरू झाला पुढच्याच महिन्यात आणि तेव्हा जागेत अजून रंगकाम चालू होतं. म्हणजे पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधीच दोन हप्ते गेले, तेही त्याच कर्जाच्या पैशातून. मग गिऱ्हाईक यायला लागलं पण हप्ता, भाडं, वीज हे सगळं निघायला दिवसाला सात जणी यायला पाहिजे होत्या आणि येत होत्या चार. चार म्हणजे नव्या जागेसाठी वाईट नाही हो. हप्ता नसता तर चारात भागत होतं, हे मला नंतर हिशोब केल्यावर कळलं, तेव्हा नाही. तेव्हा मला वाटत राहिलं की मलाच काम येत नाही. तो हप्ता भरायला दुसरं कर्ज काढलं. अकराव्या महिन्यात बंद केलं आणि पुढची तीन वर्षं नोकरी करून फेडलं.

आता परत तेच काम करते. एका ओळखीच्या पार्लरमधली खुर्ची तासावर भाड्याने घेते, गिऱ्हाईक असेल तेव्हाच. नसेल तेव्हा भाडं नाही. सामान माझ्या बॅगेत मावतं एवढंच.

@रंधा, तुमचं म्हणणं मला चूक वाटत नाही. पण तुमच्याकडे मशीन घ्यायच्या आधी काम होतं ना?

रंधा
हो ताई. सहा वर्षं हाताने काम करत होतो आणि कामं परत पाठवत होतो, वेळ नव्हता म्हणून. तुमचा मुद्दा बरोबर आहे, मी तो लिहायला पाहिजे होता. मला हप्ता किती आणि महिन्याला कामं किती हे दोन्ही माहीत होतं, तुम्हाला दुसरा आकडा कुणी काढायला सांगितलाच नाही. आणि कर्ज देणाऱ्याने विचारायला हवं होतं. तुम्ही परत उभ्या राहिलात त्याचं कौतुक वाटतं, मनापासून.

सुईदोरा
@पुन्हा_पासून, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल किती आभार मानू. "हप्ता नसता तर चारात भागत होतं", हे वाक्य मी वर्गात फळ्यावर लिहिणार आहे, तुमची हरकत नसेल तर, नाव न घेता.

पुन्हा_पासून
लिहा. जरूर लिहा.

आकडेमोड
कर्जावर बोलणं निघालंच आहे तर एक गोष्ट शिकवाच. फ्लॅट व्याज. १२ टक्के फ्लॅट, एक वर्ष, बारा समान हप्ते. १०० घेतले, ११२ फेडायचे, महिन्याला ९.३३. ऐकायला १२ टक्के वाटतं. पण पहिल्या हप्त्यापासून तुम्ही मुद्दल परत करत असता, सहाव्या महिन्यात जवळपास निम्मे पैसे कर्ज देणाऱ्याकडे परत गेलेले असतात, आणि व्याज मात्र पूर्ण १०० वर चालू असतं. घटत्या शिलकीवर काढलं तर हाच दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास येतो. तसंच महिना २ टक्के म्हणजे वर्षाला २४ नाही, व्याजावर व्याज चढत गेलं तर २६.८ होतात. वर्गात कर्ज घ्या किंवा घेऊ नका काहीच सांगू नका, फक्त हे गणित प्रत्येकाकडून एकदा हाताने करून घ्या, कॅल्क्युलेटरवर.

उंबरठा
माहितीसाठी, २०१५ मध्ये सूक्ष्मकर्जावरचे सहा देशांतले सहा मोठे अभ्यास एकत्र छापून आले होते, बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को. सहाही ठिकाणी साधारण एकच चित्र, थोडा फायदा होतो, पण छोट्या कर्जाने सरसकट गरिबी हटते असं काही दिसलं नाही. धंदे थोडे वाढले, घरचं सरासरी उत्पन्न फारसं हललं नाही. कर्ज वाईट असा त्याचा अर्थ नाही, रंधा म्हणतात तसं ज्याच्याकडे काम आधीच आहे त्याला ते उपयोगी पडतं. पण नव्याने सुरू करणाऱ्याच्या हातात पहिल्यांदा काय द्यावं, तर पैसेच, असं काही नाही.

मात्र प्रशिक्षणानेही लगेच चमत्कार होत नाहीत हेही सांगते. अशा वर्गांचे अभ्यास एकत्र केले तर सरासरी विक्री आणि नफा ५ ते १० टक्क्यांनी वाढतो असं दिसतं. कमी नाही, पण आठ आठवड्यांत आयुष्य बदलेल असं पोस्टरवर लिहू नका.

सुईदोरा
नाही लिहिणार. पोस्टरवर फक्त वार, वेळ आणि "मोफत".

गच्ची
तो मोफत शब्दच मला खटकतो. फुकट म्हटलं की पहिल्या दिवशी चाळीस येतात, तिसऱ्या आठवड्याला नऊ. मी संगणकाचे मोफत वर्ग घेतलेत दोन वर्षं, सांगतोय ते अनुभवाने. थोडं डिपॉझिट घ्या, आठही वर्गांना आलं की परत. लोक टिकतात.

पुन्हा_पासून
@गच्ची, ते थोडं डिपॉझिट ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठीच तर वर्ग आहे ना. त्या तीन वर्षांत मी कुठल्याच डिपॉझिटच्या वर्गाला गेले नसते. आणि नाही म्हणायला लाज वाटली असती म्हणून वेळ नाही असं सांगितलं असतं.

गच्ची
हा विचार मी केला नव्हता. मागे घेतो डिपॉझिट. पण मग गळती कशी थांबवणार?

दोनचाकी
फी म्हणून गृहपाठ घ्या! या आठवड्यात पाच लोकांशी बोलून आलास तरच पुढच्या वर्गाला बसायचं. पैसे नाहीत असं म्हणता येतं, तोंड नाही असं कसं म्हणणार :)

उंबरठा
दोनचाकी हसत बोललेत पण पुराव्याने बोललेत. टोगोमध्ये, राजधानी लोमेत, १५०० छोट्या व्यावसायिकांचे तीन गट केले होते, निकाल २०१७ मध्ये आले. एका गटाला नेहमीचं बिझनेस ट्रेनिंग, हिशोब, मार्केटिंग वगैरे. दुसऱ्याला पुढाकार घ्यायला शिकवणारं ट्रेनिंग, म्हणजे स्वतः संधी शोधणं, इतरांपेक्षा वेगळं काय देता येईल ते ठरवणं, अडचण येण्याआधी तिचा विचार करणं, नकार आला की थांबायचं नाही. तिसऱ्या गटाला काहीच नाही. दोन वर्षांत पुढाकारवाल्यांचा नफा तिसऱ्या गटापेक्षा ३० टक्के वाढला. नेहमीच्या ट्रेनिंगवाल्यांचा ११ टक्के, आणि तोही इतका खालीवर की खात्रीने वाढ म्हणता येईना. आणि एक महत्त्वाचं, वर्ग संपल्यावर शिकवणारे पुढचे काही महिने प्रत्येकाच्या धंद्याच्या ठिकाणी जाऊन भेटत होते.

सुईदोरा, तुमचे आठ आठवडे संपल्यावर काय, याचा विचार केलाय का? मला तर पहिल्या दिवसापेक्षा नवव्या आठवड्याची जास्त काळजी वाटते.

सुईदोरा
नाही केला. खरंच नाही केला. सहाजण आहोत, वीस जण आले तर प्रत्येकाकडे तीन-चार. महिन्यातून एकदा जाऊन बसणं जमू शकेल. आजच बोलते बाकीच्यांशी.

जुनी_पेटी
अवांतर आहे, पण राहवत नाही. कर्ज नको, उधारी नको आणि शिक्षण हवं हे तिन्ही एकत्र करणारे लोक १८४४ मध्ये इंग्लंडातल्या रॉचडेलला होऊन गेले. सुरुवातीला २८ सभासद, त्यात बरेच विणकर, दर आठवड्याला थोडे थोडे पेन्स साठवून त्यांनी २८ पौंडांचं भांडवल उभं केलं आणि डिसेंबरात आपलं दुकान उघडलं. माल मोजकाच, सुरुवातीला दुकान रोजचं उघडंही नसायचं. नियम कडक, रोखीनेच विकायचं, सभासदालाही उधार नाही. कारण त्या काळी दुकानदाराच्या उधारीत अडकलेला कामगार मग तो जे भेसळीचं देईल ते मुकाट घ्यायचा. पुढे नफ्यातला अडीच टक्के हिस्सा शिक्षणासाठी बाजूला काढायचा नियम केला, दुकानाच्या वर वाचनालय चालवलं. सहकारी चळवळीचा आजचा पसारा या दुकानाचं उदाहरण घेऊन वाढला.

तुमचा वर्गही वाचनालयाच्या खोलीत आहे हे वाचून बरं वाटलं.

गच्ची
अवांतर नाही हो, विषयालाच धरून आहे. गटाने साठवणं हा कर्जाला चांगला पर्याय आहे. नायजरमध्ये १९९१ पासून केअर नावाच्या मदतसंस्थेने बायकांचे असे बचत गट उभे केले, ती पद्धत नंतर बऱ्याच देशांत गेली. पंधरा ते पंचवीस जणी, पेटीला तीन कुलपं आणि तीन चाव्या तिघींकडे, पैसे ठेवणं, गरजेला त्यातून व्याजाने उचलणं, सगळं बैठकीत सगळ्यांसमोर, आणि साधारण वर्षाने सगळे पैसे व्याजासकट वाटून घ्यायचे. वर्गातल्या मंडळींना असा गट करता येईल.

वहीखाते
गटातून उचललेले पैसेही कर्जच की. फरक एवढाच की व्याज आपल्याच पेटीत पडतं आणि समोर बसलेली माणसं आपल्याला ओळखतात. तो फरक मोठा आहे, पण शब्द लपवू नये. गिऱ्हाइकाकडून घेतलेला अ‍ॅडव्हान्सही तसाच. @दोनचाकी, पार्टचे पैसे तुम्ही आधी घेता ते तुमचे नसतात, पार्ट बसेपर्यंत गिऱ्हाइकाचे असतात. मी एकाला बघितलंय, पुढच्या गिऱ्हाइकाच्या अ‍ॅडव्हान्समधून मागच्याचं काम पूर्ण करायचा. ज्या महिन्यात नवं काम आलं नाही त्या महिन्यात सगळे एकदम दारात.

दोनचाकी
खरंय. माझ्याकडे त्यासाठी वेगळा डबा आहे. तिसरा खण म्हणा.

नवखी
मी पहिल्यांदाच लिहितेय. सुईदोराताई, तुमचा वर्ग माझ्या गावात असता तर मी आले असते. मला शाळेतल्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायच्यात. भांडवल काहीच लागत नाही हे मला कळतं. हिशोबही जमेल. तुम्ही सगळे म्हणताय आधी गिऱ्हाईक, पण मला तेच जमत नाहीये. शेजारच्या दोन मुलांना वर्षभर शिकवतेय, दोघांचेही मार्क वाढले, पण दोघांच्या आयांना फी सांगायला तोंडच उघडत नाही. विषय काढायला जाते आणि दुसरंच बोलून परत येते. हे कुठल्या वर्गात शिकवतात का?

सुईदोरा
नवखी, अगं हेच तर शिकवायला पाहिजे होतं आणि इतका वेळ आम्ही कुणी बोललोच नाही. मी पहिले दोन महिने "द्या काय द्यायचं ते" म्हणत होते. लोक वाईट नव्हते, त्यांना खरंच कळायचं नाही किती द्यायचं, मग ते कमी द्यायचे आणि मी आतल्या आत कुढायचे. मग मी एका पुठ्ठ्यावर दर लिहून मशीनच्या वर टांगले. तोंडाने सांगायची वेळच आली नाही. पुठ्ठा बोलायचा.

रंधा
आकडा सांगा आणि गप्प बसा. पुढचं वाक्य समोरच्याला बोलू द्या. आपण घाबरून लगेच "पण कमी करता येईल" म्हणतो तिथे सगळं जातं. मला हे शिकायला किती वर्षं लागली ते सांगत नाही.

पुन्हा_पासून
नवखी, वर्षभर फुकट शिकवलंस ते वाया गेलेलं नाही, दोन मुलांचे वाढलेले मार्क हेच तुझं भांडवल आहे. त्या दोघींना लगेच फी सांगणं अवघड जात असेल तर आधी एवढंच विचार, तुमच्या ओळखीत अजून कुणाला शिकवणी हवीय का. नव्या मुलाला पहिल्या दिवसापासून फी. जुन्या दोघांना नवीन सत्रापासून. एकदा एकीला सांगितलंस की दुसरीला सांगणं सोपं जातं, हे माझं वचन.

मधली_सुट्टी
यात अजून एक भर. सरस सरस्वती नावाच्या संशोधक आहेत, त्यांनी २७ मुरलेल्या उद्योजकांना एकच काल्पनिक वस्तू देऊन तुम्ही धंदा कसा कराल ते मोठ्याने बोलत विचार करायला सांगितलं होतं. हे लोक भाकितं, बाजाराचे मोठे आकडे वगैरेत पडलेच नाहीत. मी कोण, मला काय येतं, मी कुणाला ओळखतो, इथून सुरुवात. आणि किती मिळेल याच्या आधी प्रश्न असा की हे फसलं तर किती गमावणं मला झेपेल. नवखीचं बघा, फसलं तर काय जाईल, एक अवघड संध्याकाळ. एवढं परवडतं.

बिझनेस प्लॅनवाल्या मित्राला हे वाचायला द्या, सुईदोरा.

सुईदोरा
दिलं. त्याने मान्य केलं नाही, पण प्लॅन आता सातव्या आठवड्याला घ्यायचा ठरलाय, आणि एका पानाच्या वर नाही.

काल सगळे बसलो होतो. पहिल्या संध्याकाळी फळ्यावर काहीच नाही. प्रत्येकाने आपल्याला काय येतं ते सांगायचं आणि शेजारी बसलेल्याने त्याचं गिऱ्हाईक व्हायचं. काम समजून घ्यायचं, आकडा सांगायचा, गप्प बसायचं. मग जागा बदलायच्या. घरी जाताना एकच गृहपाठ, या आठवड्यात खऱ्या एका माणसाला विचारायचं, होकार आला का नकार ते महत्त्वाचं नाही, विचारलं का ते महत्त्वाचं. दोन खण दुसऱ्या आठवड्यात, वहीखाते यांचं ८० आणि १०० तिसऱ्यात, पुन्हा_पासूनचं वाक्य आणि आकडेमोड यांचं फ्लॅट व्याज एकाच दिवशी, आणि रंधा यांचा मुद्दाही त्याच दिवशी, की हातातलं काम परत पाठवावं लागतंय इतकं असेल तेव्हा हत्यारासाठीच्या कर्जाचा विचार करायला हरकत नाही. नवव्या आठवड्यापासून घरोघर भेटी, सहा महिने.

माझा "आधी गिऱ्हाईक मग खरेदी" हा धडा मी काढून टाकला नाही, पण तो मी सांगणार नाही. पहिल्या संध्याकाळी सगळे विकून घरी जातील, कुणी काही विकत घेतलेलं नसेल.

वहीखाते
हे झकास. तिसऱ्या आठवड्याला मी व्हिडिओवर येऊन शिकवू का? फी नको.

सुईदोरा
नेकी और पूछ पूछ! याच, नक्की.

नवखी
तीन आठवड्यांनी परत लिहितेय. पुठ्ठा केला नाही पण वहीच्या पानावर दर लिहून ते पान पुढे केलं. पहिल्या काकू म्हणाल्या, अगं आम्ही वाटच बघत होतो तू कधी सांगतेस. दुसऱ्या म्हणाल्या विचार करून सांगते, आणि त्यांचा मुलगा त्यानंतर आला नाही. त्याचं मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतंय, त्याचे अपूर्णांक नुकते कुठे जमायला लागले होते. पहिल्या काकूंच्या ओळखीने नवीन दोन मुलं आलीत, दोघं फी देऊन.

त्या मुलाला मी फी न घेता बोलवू का? का ते चूक होईल?

पुन्हा_पासून
बोलव. पण त्याच्या आईला आधी सांग की एक जागा मी मोफत ठेवलीय आणि ती त्याच्यासाठी आहे. म्हणजे तुझा आकडाही राहील आणि त्याचे अपूर्णांकही.